भाड्याचं घर सोडतोय: रंगाचे पैसे, डिपॉझिट आणि बाकीची आवराआवर

अंबड_लिंक

मंडळी, नाशिकच्या इंदिरानगरमधला टू बीएचके ३१ मे ला रिकामा करून द्यायचा आहे. वाळूजला नोकरी लागली, बिऱ्हाड छत्रपती संभाजीनगरला हलतंय. या घरात चार वर्षं झाली, दर अकरा महिन्यांनी नवा करार. डिपॉझिट ५० हजार. परवा काका (घरमालकांना आम्ही काकाच म्हणतो) चहाला आले, घरभर फिरले आणि चपला घालता घालता म्हणाले, "रंगाचे पंचवीस-तीस धरून चालू, बाकीचे लगेच देतो."

माणूस वाईट नाही. बायकोच्या बाळंतपणात काकूंनी महिनाभर डबा पाठवलाय. म्हणूनच तर बोलायला जड जातंय. पण चार वर्षांत भिंती मळणारच ना? पोराने हॉलच्या एका भिंतीवर तेलखडूने रेघोट्या मारल्यात, ती माझी जबाबदारी, मान्य. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते, तिथला रंग फुगून पोपडे पडलेत, तेही माझ्याच खात्यात का? करारात एकच ओळ आहे: जागा ज्या स्थितीत घेतली त्या स्थितीत परत करावी.

रंगाचं काय करू? आणि चावी देण्याआधी घरात काय काय करून ठेवायचं असतं? हे आमचं पहिलंच भाड्याचं घर, त्यामुळे अनुभव शून्य.

तिखट_रस्सा

काकांना मिसळ खायला घेऊन जा. पंचवीसचे पंधरा होतात. पाव जास्तीचे मागवलेत तर दहा.

पेठरोडकर

सरळ उपाय. शेवटच्या महिन्यांचं भाडं द्यायचंच नाही. सांगायचं, डिपॉझिटमधून वळते करून घ्या. पैसा आपल्या हातात असला की मालक आपोआप नरम येतो. आणि उरलेलं डिपॉझिट खात्यात दिसल्याशिवाय चावी द्यायची नाही.

मुग्धा_कॉलेजरोड

पेठरोडकर, तुमच्यासारखे भाडेकरू भेटले म्हणूनच आम्ही मालक लोक असे झालोत. :)

आता मालकाची बाजू ऐका. आमचा एक फ्लॅट आम्ही शिकणाऱ्या मुलांना देतो. मागच्या बॅचने जाताना छताला चांदण्यांचे स्टिकर ठेवले, ते काढताना रंगाचे टवके आले. स्वयंपाकघरात ओट्यामागच्या टाइल्सवर फोडणीचा इतका चिकट थर की बोट लावलं तर बोटच सोडवून घ्यावं लागे. भिंतींना खिळे किती ते मोजणं मी सोडून दिलं. नव्या माणसाला घर दाखवायचं तर रंग लावल्याशिवाय कोणी हो म्हणत नाही, आणि तो खर्च आमच्याच खिशातून जातो. तेव्हा मालकाने रंग म्हटलं की लगेच लुटारू समजू नका.

तरीही अंबडभाऊ, चार वर्षं राहिलेल्या कुटुंबाकडून पूर्ण रंगाचे पैसे मी मागितले नसते. चार वर्षांनी घर असंही रंगवावंच लागतं.

पुढची_तारीख

वकिली चष्म्यातून थोडं.

आधी पेठरोडकरांचा सल्ला बाजूला ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम २४ वाचा. लीव्ह अँड लायसन्सची, म्हणजे तुमच्या अकरा महिन्यांच्या कराराची, मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर ठरलेल्या भाड्याच्या दुपटीने नुकसानभरपाई लागू शकते. ३१ मे ला करार संपतोय आणि १ जूनला चावी तुमच्या खिशात, म्हणजे काकांच्या हातात तुम्हीच पत्ता दिलात. डिपॉझिटचा वाद वेगळा मांडायचा, ताबा वेळेत द्यायचा.

दुसरं, करार नोंदणीकृत आहे ना? कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. कराराच्या मसुद्यात पंखे, गिझर, ट्यूबलाइट अशी सामानाची यादी बहुधा असते. ती काढून समोर ठेवा.

रंगाबद्दल: मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १०८ मध्ये भाडेपट्टेदाराने जागा घेतली तशी परत करावी असं आहे, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळली आहे. लीव्ह अँड लायसन्स हा भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे ते कलम जसंच्या तसं लावता येत नाही. पण वाजवी काय, हे ठरवताना माप तेच वापरलं जातं. उन्हाने उडालेला रंग, हात लागून मळलेली स्विचभोवतीची जागा, सोफ्यामागचा पट्टा, ही झीज. तेलखडू, फुटलेली टाइल, तुटलेलं बेसिन, हे नुकसान. करारात 'सोडताना रंग करून द्यावा' असं स्पष्ट लिहिलेलं असेल तर मात्र गोष्ट बदलते.

अंबड_लिंक

नोंदणी दरवर्षी केली आहे, ऑनलाइन, अंगठे देऊन. रंगाचा उल्लेख कुठेही नाही, आताच परत वाचला. यादीत पाच पंखे लिहिलेत, घरात चार आहेत. पाचवा आम्ही आलो तेव्हाही नव्हता!

तिखट_रस्सा

पाचवा पंखा म्हणजे काका स्वतः. चार वर्षं तुमचे फॅन होते.

बोरवेलचं_पाणी

😂😂

गोदाकाठ

मी रंगाचीच कामं घेतो, सातपूर-सिडको भागात. म्हणून सविस्तर लिहितो.

अंबडभाऊ, पहिलं बघा घरात कुठला रंग आहे. ओला फडका फिरवा. फडक्याला रंग आला तर साधं डिस्टेंपर. ते धुता येत नाही आणि चार वर्षांत त्याचा जीव तसाही संपतो. काहीच आलं नाही तर प्लॅस्टिक इमल्शन. त्यावरचे बरेच डाग स्पंज आणि पातळ साबणाच्या पाण्याने जातात.

तेलखडूवर थेट रंग मारू नका. त्यात मेण असतं, वरून पाण्यातला रंग धरत नाही आणि रेघोट्या परत वर दिसायला लागतात. आधी साबणाच्या पाण्याने मेण काढा, पॉलिश पेपर हलका फिरवा, प्रायमर, मग दोन हात रंग.

खिळे काढले की प्लॅस्टिकच्या गिट्ट्याही काढा, निदान आत ढकला. भोकात लांबी (पुट्टी) भरा, वाळू द्या, दाबून परत भरा, कारण पहिली भरलेली बसते. मग घासा. आता सगळे चुकतात ती गोष्ट: भोकापुरता रंगाचा ठिपका देऊ नका. त्याच कंपनीचा, त्याच नंबरचा डबा आणला तरी जुना रंग उतरलेला असतो, ठिपका लांबून उठून दिसतो. रंगवायची तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत. कोपऱ्यात उजेड तसाही बदलतो, तिथे फरक डोळ्याला येत नाही.

तुमच्या वर्णनावरून हॉलची एक भिंत तुमची. ती तुम्हीच करून द्या, एका भिंतीचा खर्च आणि अख्ख्या टू बीएचकेचा खर्च यांची तुलनाच नको. ओलीची भिंत तुमची नाही. तिथे वरवर रंग मारलात तर पहिल्या पावसात परत पोपडे येतील. बाहेरचं प्लास्टर, खिडकीची कड नाहीतर पाइपचा सांधा बघायला लागेल, आणि ते काम मालकाचं किंवा सोसायटीचं.

मुग्धा_कॉलेजरोड

गोदाकाठ, ओल नेहमी बाहेरूनच येते असं नाही हां. आमच्याकडे भाडेकरूंनी कपाट भिंतीला चिकटवून ठेवलं, कपडे खोलीत वाळत घातले, खिडक्या महिनोन्महिने बंद. मागे काळी बुरशी.

गोदाकाठ

बरोबर ताई. ओळखायचं सोपं आहे. बुरशी नुसती वरवर असते, पुसली की खालचा रंग शाबूत. पाणी भिंतीतून येत असेल तर रंग फुगतो, पोपडा हातात येतो आणि मागे पांढरा क्षार दिसतो, आपण लोणा म्हणतो तो. यांनी पोपडे लिहिलंय म्हणून मी तसं म्हटलं.

अंबड_लिंक

लोणाच आहे. आताच नखाने खरवडून पाहिलं, पांढरी पूड.

अंजनेरी

पंचवटीत आमच्या आजोबांनी वाड्यात एक खोली भाड्याने घेतली होती, ती माझ्या काकांकडे अजून आहे. भाडं सांगितलं तर तुम्ही हसाल. तिथे घर सोडताना काय करायचं हा प्रश्नच कोणाला पडला नाही, कारण सोडतो कोण? दर पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, मालक आणि भाडेकरू दोघंही ती वाचतात आणि दोघंही तिथेच राहतात. शेवटी वाडाच आधी जागा सोडतो.

पेठरोडकर

वाड्यावरून आठवलं. आता सिंहस्थ आला २०२७ चा, आणि ज्याच्याकडे एक खोली रिकामी आहे तो स्वतःला हॉटेलवाला समजायला लागलाय. आमच्या गल्लीत तीन घरमालकांनी भाडेकरूंना "करार नवा करायचा नाही" असं आत्ताच सांगून टाकलंय. अंबडभाऊ, तुमच्या काकांना रंगाची घाई त्यासाठी तर नाही?

अंबड_लिंक

इंदिरानगरातून रामकुंड केवढं लांब! काकांचा तसा काही विचार दिसत नाही. भाची येणार आहे म्हणे राहायला.

मुग्धा_कॉलेजरोड

भाची येणार असेल तर रंग ते असाही देणारच होते. हा मुद्दा हळूच काढा.

बोरवेलचं_पाणी

रंगावर सगळे तुटून पडलेत, बाथरूमकडे कोणी बघतच नाहीये. मालक चावी घेताना सगळ्यात आधी नळ आणि संडास बघतो.

बोरच्या किंवा टँकरच्या पाण्याने नळांवर, शॉवरवर, काचेवर जो पांढरा थर चढतो तो साबणाने मरेपर्यंत जात नाही. लिंबूसत्व आणा. गरम पाण्यात विरघळवून फडका भिजवायचा आणि नळाला गुंडाळून अर्धा तास ठेवायचा. शॉवरचा झारा काढून त्याच पाण्यात टाकायचा. व्हिनेगरही चालतं.

आता सावधान. हाच उपाय ओट्यावर किंवा जमिनीवर करू नका. हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कोटा, संगमरवर हेही मुळात तेच. आम्ल दोन्हीला खातं. मोझॅक टाइलमध्येही संगमरवराचे तुकडे असतात, तीही निस्तेज होते. व्हिट्रिफाइड असेल तर फरशी वाचते, पण सांध्यातलं सिमेंट झिजतं. दुकानात बाटलीत मिळणारं टॉयलेटचं ॲसिड नळाला तर अजिबात लावू नका, वरचा चकचकीत मुलामाच निघतो. आणि ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र नको, एकामागोमाग एकही नको. क्लोरीन वायू होतो. बंद बाथरूममध्ये तो जीवावर बेततो. हे गंमत म्हणून लिहीत नाहीये.

चिमणीच्या जाळ्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून भिजवा, तेल सुटतं. पण जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याने काळी पडते, तिला भांड्यांचा साबण आणि कोमट पाणी.

तिखट_रस्सा

बोरवेलचं पाणी स्वतःच बोरवेलच्या पाण्याचे डाग काढायला सांगतंय. कलियुग.

शांता_आजी

मला नातीने हे वाचून दाखवलं, म्हणून लिहिते (टंकते ती). घर सोडताना देव सगळ्यात शेवटी हलवायचे. देव्हाऱ्याची जागा पुसून तिथे हळदकुंकू वाहायचं, ज्या वास्तूने सांभाळलं तिला नमस्कार करायचा. आमच्या सासूबाई जुनी केरसुणी नव्या घरी नेऊ देत नसत. आणि केर काढल्याशिवाय चावी द्यायची नाही. मागून येणाऱ्या बाईने आपला केर का काढावा? तो मालकासाठी नसतो, तिच्यासाठी असतो.

मुग्धा_कॉलेजरोड

आजी, साष्टांग नमस्कार. आमच्या भाडेकरूंना तुमच्याकडे शिकवणीला पाठवते.

पेठरोडकर

माझ्या सल्ल्यावर वकिलांनी पाणी ओतलं, ठीक. पण मग मालकाने चावी घेऊन डिपॉझिट बुडवलं तर? कोर्टात जायचं का २० हजारांसाठी? वकिलाची फीच तेवढी.

पुढची_तारीख

रास्त प्रश्न. म्हणून ताबा देतानाच कागद करायचा. एक पान पुरतं. आज रोजी ताबा दिला, चाव्या इतक्या, वीज मीटरचं रीडिंग इतकं, डिपॉझिट इतकं, त्यातून अमुक कारणासाठी इतकी कपात, उरलेली रक्कम अमुक तारखेपर्यंत खात्यात. दोघांच्या सह्या. जमलं तर डिपॉझिट आणि चावी एकाच बैठकीत. कपातीबद्दल एकमत नसेल तर तेही त्याच पानावर लिहा: "ही रक्कम भाडेकरूस मान्य नाही." सही करायला काका कचरले तर सगळं व्हॉट्सॲपवर पाठवा, फोटोंसकट.

तरी पैसे आले नाहीत तर आधी नोटीस. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. आणि दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय आहे. दाखलपूर्व प्रकरण म्हणून लोकअदालतीत ठेवतात. तिथे कोर्ट फी नाही, आणि समोर बसवलं की वीस हजारांची बरीच भांडणं चहाच्या आत मिटतात. डिपॉझिट दोनच महिन्यांचं असावं वगैरे जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय इथे लागू होत नाही.

अंजनेरी

फोटो काढताना एक करा. घर रिकामं झाल्यावर, दिवसाउजेडी, प्रत्येक खोलीचा सलग व्हिडिओ. नळ चालू करून, फ्लश दाबून, पंखे-दिवे लावून, खिडक्या उघडून-मिटून. सुरुवात मीटरच्या आकड्यापासून. वीजबिल मालकाच्या नावावर असतं आणि शेवटचं बिल आपण गेल्यावर येतं, तिथेच किरकिर होते. रीडिंगचा फोटो असला की किती युनिट आपले ते लगेच निघतं, अंदाजे रक्कम त्याच दिवशी देऊन मोकळं व्हायचं.

सामान बांधायच्या आधीचे फोटो काही कामाचे नसतात. कपाटामागे काय आहे ते त्यात दिसतच नाही.

गोदाकाठ

आणि एसी स्वतःचा असेल तर काढताना मेकॅनिककडून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्या, नाहीतर नव्या घरी परत भरायचे पैसे. भिंतीतलं पाइपचं मोठं भोक पांढऱ्या सिमेंटने बुजवा. ते उघडं ठेवलं की पावसाचं पाणी आत आणि पारव्यांचा संसारही आत.

पेठरोडकर

अवांतर: टेम्पो ३१ तारखेला मागू नका. महिनाअखेर आणि लग्नसराई, छोटा हत्तीवाला तोंडाला येईल तो भाव सांगतो. दोन दिवस आधी मधल्या वारी न्या. आणि जूनमध्ये तर ढकलूच नका. आमचं सामान पंचवटीतून सिडकोत हलवलं तेव्हा गोदेला पूर, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी, आणि अर्धं नाशिक पूर बघायला पुलावर. टेम्पोत गाद्या, गाद्यांवर मी, आणि लोक मलाच बघतायत.

तिखट_रस्सा

फोटो हवा होता. मारुतीचा नव्हे, तुमचा.

अंबड_लिंक

सगळ्यांचे आभार. काल रात्री काकांकडे जाऊन आलो. मुग्धाताईंनी सांगितलं तसं भाचीचं नाव मीच काढलं. काकू आतून म्हणाल्या, "अहो, तिच्यासाठी रंग तर देणारच होतो ना आपण?" काका गप्प.

ठरलं ते असं. हॉलची भिंत मी गोदाकाठ यांनी सांगितलं तशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत करून देणार. ओलीचा विषय काकांनी मान्य केला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये उचलणार म्हणाले. खोल साफसफाईचे आणि बेसिनला गेलेल्या तड्याचे मिळून चार हजार कापणार. बेसिन आमच्याच हातून गेलंय, त्यामुळे तक्रार नाही. बाकीचे ४६ हजार चावीबरोबर. कागदाला "आपल्यात कसला कागद" म्हणाले, पण पाचव्या पंख्याची ओळ दाखवली तेव्हा तेच म्हणाले की लिहूनच टाकू.

दोन गोष्टी राहिल्या. गॅस सिलेंडर आमच्या नावावर आहे, तो नेऊ का? आणि गिझर आम्ही बसवलेला, काका म्हणतात राहू दे, काहीतरी देतो.

पेठरोडकर

चार हजार तरी का? मी असतो तर दोनवर आणले असते.

मुग्धा_कॉलेजरोड

बाळंतपणातल्या डब्याचा हिशेब धरा की, पेठरोडकर.

पुढची_तारीख

गिझर राहू देणार असाल तर रक्कम आत्ताच ठरवून त्याच पानावर लिहा. 'काहीतरी' असं लिहिता येत नाही.

बोरवेलचं_पाणी

आणि चार वर्षं आपलं पाणी प्यायलेला गिझर नेण्यात अर्थ नाही. आत टाकीत आणि कॉइलवर थर असणार, उतरवताना जोडही गळतात. वाजवी मिळत असेल तर देऊन टाका. नेणारच असाल तर काढल्यावर भिंतीतल्या दोन्ही नळजोडांना बूच लावून घ्या, पाण्याची मुख्य चावी सुरू करून गळत नाही ना ते बघा.

अंजनेरी

सिलेंडर टेम्पोत घालून नेऊ नका. गाव बदलतंय, त्यामुळे सिलेंडर आणि रेग्युलेटर इथल्या एजन्सीत जमा करायचे, टर्मिनेशन व्हाउचर घ्यायचं, डिपॉझिट परत मिळतं. तेच व्हाउचर तिकडच्या एजन्सीत दाखवलं की कनेक्शन सुरू होतं, तिथलं चालू डिपॉझिट भरावं लागतं. गॅसचं पुस्तक सामानात बांधून टाकू नका, ते आणि आधार वेगळ्या पिशवीत ठेवा. शेवटचे दोन दिवस स्वयंपाकाचं काय करणार ते आधी ठरवा, कारण सिलेंडर गेला की चहासुद्धा बाहेरून.

शांता_आजी

दोन दिवस जेवायला काकूंकडे जा. त्या नाही म्हणायच्या नाहीत.